सिंधचे अल्लाबक्ष : एका मुख्य प्रधानाची पाच वर्षे

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



भारतातल्या बहुतेक मोठ्या शहरांत एखादी सिंधी वसाहत आहे, आणि त्या वसाहतीत संत कंवररामांच्या नावाचा एखादा चौक, एखादी धर्मशाळा किंवा सभागृह बहुधा असतेच. घुंगरू बांधून गावोगाव भजने गाणारा हा साधुपुरुष १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधल्या रुक स्थानकावर गोळ्यांना बळी पडला. सिंधी घरांतल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक असते. परंतु त्या दिवशी सिंधचा कारभार ज्याच्या हाती होता, तो मुख्य प्रधानही पुढे साडेतीन वर्षांनी तसाच, तशाच गोळ्यांना बळी पडला, ही गोष्ट मात्र सिंधी घरांतही आता फारशी सांगितली जात नाही. मराठी घरांत तर ती पोहोचलीच नाही. तो मुख्य प्रधान म्हणजे खानबहादुर अल्लाबक्ष महंमद उमर सुमरो. 'खानबहादुर' ही पदवी त्याने अखेरीस परत केली, आणि त्याच्या कारकीर्दीचा शेवटचा अंक त्या परत केलेल्या पदवीपासूनच सुरू होतो.

मराठी शाळेच्या उत्सवात सिंधच्या माणसाची कथा कशासाठी, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत सापडेल. १८४७ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. रत्नागिरी, सातारा, धारवाड, अहमदाबाद आणि लारखाना हे जिल्हे एकाच सरकारच्या दप्तरात होते. कारकून, शिक्षक, मुन्सफ, इंजिनियर या नात्यांनी कितीतरी मराठी कुटुंबे कराची-हैदराबादेस गेली. त्यांतले एक नाव विशेष स्मरणीय आहे. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. सिंधी व्यापाऱ्यांच्या वह्यांतली लिपी काना-मात्रांवाचून लिहिली जाई, आणि ती लिहिणाऱ्यालाच उद्या वाचता येईल याची खात्री नसे. १८६८ च्या सुमारास तिला नीटनेटके रूप देण्याचे काम वैद्यांकडे आले. कराचीत १८५५ मध्ये उघडलेल्या पहिल्या सरकारी हायस्कुलाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, आणि ते आजही त्या शाळेच्या नावात टिकून आहे. परक्या भाषेच्या प्रदेशात जाऊन तिथल्याच भाषेची अक्षरे घडविणारा हा मराठी शिक्षक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आजचा विषय त्या प्रदेशाच्या राजकारणाचा.

१९४१ च्या शिरगणतीत सिंधची लोकसंख्या सुमारे ४५ लाख भरली. दर दहा माणसांत सात मुसलमान. परंतु हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शहरे, व्यापार, सावकारी, वकिली, सरकारी नोकऱ्या यांत हिंदूंचे प्राबल्य होते. जमीन बहुतांशी मुसलमान जमीनदारांची, म्हणजे ज्यांना तिकडे वडेरा म्हणतात त्यांची, आणि ती कसणारा 'हारी' म्हणजे कूळ हाही बहुधा मुसलमानच. वडेरा सावकाराच्या कर्जात, हारी वडेऱ्याच्या कर्जात, आणि दोघेही कोणा ना कोणा पीराचे मुरीद. मतदाराला पक्ष ठाऊक नव्हता. पीर ठाऊक होता, वडेरा ठाऊक होता, आणि कलेक्टरसाहेबाची मर्जी कोणावर आहे हे ठाऊक होते.

अशा प्रदेशात १९०० साली शिकारपूरच्या एका सधन घराण्यात अल्लाबक्ष जन्मले. शिकारपूर हे गावही साधे नव्हे. कंदाहारच्या वाटेवरची ती पेठ. तिथल्या हिंदू सराफांच्या हुंड्या एके काळी बुखारा-समरकंदपर्यंत चालत. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून वरून आच्छादलेला तिथला बाजार प्रसिद्ध होता. या गावात हिंदू-मुसलमानांचा संबंध हा रोजच्या देण्याघेण्याचा, हिशेबाच्या वहीतला संबंध होता. वडील हाजी महंमद उमर जमीनदारी सांभाळत आणि सरकारी बांधकामांची कंत्राटेही घेत. मॅट्रिक होताच मुलगा त्याच धंद्यात शिरला. विलायतेची पदवी नाही, बॅरिस्टरी नाही, कॉलेजचे तोंडही पाहिलेले नाही. त्या काळच्या मुख्य प्रधानांच्या मालिकेत ही गोष्ट उठून दिसते. मुंबईचे बाळासाहेब खेर सॉलिसिटर, मद्रासचे राजाजी वकील, संयुक्त प्रांताचे पंत वकील, मध्य प्रांताचे डॉ. खरे वैद्यकातले, आणि सिंधचा हा माणूस कंत्राटदार.

कंत्राटदाराचे गुण-दोष दोन्ही त्याच्या राजकारणात उतरले. माणसे जोडणे, तडजोड करणे, काम पुरे होईपर्यंत कोणालाही शेवटचा नकार न देणे, हे गुण. दोष म्हणजे तेच, वेळ चुकली असता.

जेकबाबाद नगरपालिकेपासून त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ झाला. १९२६ मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून आले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकर सरकारनियुक्त सभासद म्हणून त्याच सभागृहात आले. सिंधचे सभासद कराचीहून आगबोटीने मुंबईस यायचे, पावसाळ्यात अधिवेशन पुण्यास असे तेव्हा घाट चढून पुण्यास जायचे, आणि आपल्या कालव्यांचे व शेतसाऱ्याचे प्रश्न अशा सभासदांसमोर मांडायचे ज्यांतल्या बहुतेकांनी सिंधू नदी पाहिलेली नसे. सिंध निराळा प्रांत व्हावा ही मागणी या अवघडलेपणातून वाढली. काँग्रेसच्या कराची अधिवेशनात १९१३ साली ती प्रथम पुढे आणणारे पुढारी हरचंदराय विशिनदास हे हिंदू होते. पुढे वारे फिरले. मुसलमान पुढारी विभक्तीच्या बाजूने आणि हिंदू पुढारी विरोधात असे तट पडले. १ एप्रिल १९३६ रोजी, ओरिसाबरोबरच, सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला.

नव्या प्रांताला वारशात काय मिळाले? एक धरण आणि त्याचे कर्ज. सक्करचे लॉइड बराज १९३२ साली पुरे झाले होते. साठ-साठ फुटांचे ६६ गाळे, सात कालवे, आणि खर्च वीस कोटींहून अधिक. त्या काळच्या सिंधसारख्या प्रांताला हे ओझे अजस्र होते. निमेयर निवाड्याप्रमाणे मध्यवर्ती सरकारने दरवर्षी १ कोटी ५ लाख रुपयांची मदत दिली, म्हणूनच प्रांताचा अंदाजपत्रकी संसार चालू शकला. कर्ज फेडायचे तर बराजच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीचा सारा वाढवायला हवा, आणि सारा वाढवायचा तर ज्या वडेऱ्यांच्या मतांवर सरकार उभे त्यांच्याच खिशात हात घालायला हवा. सिंधच्या प्रत्येक मंत्रिमंडळाच्या पायाखाली हा सुरुंग होता. त्या काळाचा इतिहास सांगताना मशीद आणि मंदिर तेवढे सांगितले जाते. साऱ्याचा दर सांगायचे राहून जाते.

१९३७ च्या निवडणुकीत विधानसभेच्या ६० जागा होत्या. त्यांतल्या ३३ मुसलमान मतदारसंघांच्या आणि १८ सर्वसाधारण. सर शाहनवाज भुट्टो आणि सर अब्दुल्ला हारून यांच्या पुढाकाराने निघालेला सिंध युनायटेड पक्ष सर्वांत मोठा ठरला, आणि गंमत अशी, की पक्ष जिंकला पण भुट्टो आणि हारून हे दोघेही स्वतः पडले. अल्लाबक्ष याच पक्षाचे. मुस्लिम लीगचे अस्तित्व त्या निवडणुकीत नावापुरतेच होते. रिवाजाप्रमाणे सर्वांत मोठ्या पक्षाला पाचारण व्हावयाचे. गव्हर्नर सर लॅन्सलॉट ग्रॅहम यांनी बोलावले ते सर गुलाम हुसेन हिदायतुल्लांना, ज्यांच्या स्वतःच्या पक्षाचे सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. हिदायतुल्ला जुने, अनुभवी, मुंबई सरकारात मंत्रिपद भूषविलेले गृहस्थ. खुर्ची मिळाली की पक्षही मिळतो हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि तसेच झाले. ते मंत्रिमंडळ वर्षभर टिकले. मार्च १९३८ च्या अंदाजपत्रकी अधिवेशनात एका कपातसूचनेवर ते पडले, आणि २३ मार्च १९३८ रोजी अल्लाबक्ष मुख्य प्रधान झाले. वय अवघे अडतीस.

मंत्रिमंडळ तिघांचे : स्वतः अल्लाबक्ष, पीर इलाहीबक्ष आणि निहचलदास वझिराणी. काँग्रेस सरकारात नव्हती, पण तिचे मूठभर सभासद अनुकूल होते, आणि त्यांच्याखेरीज बहुमत जुळत नव्हते. काँग्रेसच्या प्रांतांतल्याप्रमाणे सिंधच्या मंत्र्यांनीही दरमहा ५०० रुपये वेतन घेण्याचे ठरविले. स्थानिक संस्थांत सरकारने माणसे नेमण्याची पद्धत बंद करण्यास हात घातला. हे सुधार लहान दिसतात, पण वडेऱ्यांच्या सिंधमध्ये लोकल बोर्डावरची सरकारी नेमणूक हाच मानमरातबाचा जिना होता. सुमारे चोवीस वर्षे परदेशात काढलेले क्रांतिकारक मौलाना उबैदुल्ला सिंधी मार्च १९३९ मध्ये कराचीच्या बंदरात उतरले, तेही याच मंत्रिमंडळाच्या काळात.

ऑक्टोबर १९३८ मध्ये बॅ. जिना कराचीस आले. सिंध प्रांतिक मुस्लिम लीगची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. विधानसभेतल्या सर्व मुसलमान सभासदांचा एकच पक्ष व्हावा आणि तो लीगचा असावा, हा परिषदेमागचा खरा हेतू होता. अल्लाबक्षांशी बोलणी झाली. काही दिवस ते वळल्यासारखेही दिसले, आणि मग ते वळले नाहीत. लीगच्या लेखकांनी याला विश्वासघात म्हटले आहे. त्यांची बाजू अशी : प्रांताचा मुख्य प्रधान कोण, हे प्रांताच्या विधानसभेने ठरवायचे, ते मुंबईच्या मलबार हिलवर ठरावयाचे असेल, तर सिंध मुंबईपासून वेगळा तरी कशाला झाला? या बाण्यात तत्त्व किती आणि खुर्चीचा मोह किती, याचे माप आज कोणी काढू नये. त्या घटकेला दोन्ही एकाच दिशेला होते. पुढे अशा घटका आल्या की दोन्ही उलट दिशांना ओढू लागले. त्यांच्यावरून माणूस तोलावा.

लीगने आणलेला अविश्वासाचा ठराव सपशेल फसला. पण साऱ्याच्या नव्या दरांनी सरकारचे मित्र दुरावू लागले होते. तरुण, तडफदार जी. एम. सय्यद, ज्यांनी अल्लाबक्षांना सत्तेवर आणण्यास हातभार लावला होता, ते याच काळात त्यांच्यापासून फुटून लीगमध्ये गेले. अल्लाबक्षांनी रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठी हिंदू स्वतंत्र सभासदांवर अधिकाधिक भिस्त ठेवली. ज्या हिदायतुल्लांना त्यांनी खाली खेचले होते, त्यांनाही मंत्रिमंडळात घेतले. कंत्राटदाराच्या हिशेबात हे बसले. लोकांच्या हिशेबात बसले नाही. मुसलमान मुख्य प्रधान हिंदूंच्या मतांवर तगून आहे, ही लीगची घोषणा आता खरी वाटू लागली.

आणि मग सक्करची मंझिलगाह.

सिंधूच्या काठी, सक्कर शहरात, मोगल काळातल्या दोन जुन्या इमारती होत्या. इंग्रजांनी सिंध जिंकल्यापासून त्या सरकारच्या ताब्यात होत्या. त्यांतली एक मशीद आहे, ती आम्हांला द्या, ही मुसलमानांची मागणी. समोरच नदीच्या पात्रात साधबेलो हे हिंदूंचे पवित्र बेट. मशीद सुरू झाली तर वाद्ये वाजविण्यावरून रोज तंटे होतील, हे हिंदूंचे भय. मागणी जुनी होती आणि तिचा न्यायनिवाडा कागदपत्रांवरून, शांतपणे, होण्याजोगा होता. अल्लाबक्षांनी तो केला नाही. होकार दिला तर हिंदू मंत्री जाणार, नकार दिला तर उरलेले मुसलमान सभासद जाणार. तेव्हा ते चालढकल करीत राहिले. १ ऑक्टोबर १९३९ ला लीगने सत्याग्रह पुकारला. 'सत्याग्रह' हा शब्द तिथे काय अर्थाने वापरला गेला हे पुढील घटनांनी दाखविलेच. दोन-तीन दिवसांत जमावाने इमारतींचा ताबा घेतला. शेकडोंना अटक झाली. मग तुरुंग भरले म्हणून त्यांना सोडण्यात आले. आणि सरकारची मालमत्ता जमावाच्या हाती तशीच राहू दिली गेली. जवळजवळ सात आठवडे. याच आठवड्यांत कंवररामांचा खून झाला. १९ नोव्हेंबरला पोलिसांनी मंझिलगाह मोकळी केली, आणि त्याच दिवशी सक्कर शहरात व मागोमाग आसपासच्या खेड्यांत जो दंगा उसळला त्यात शंभराहून अधिक माणसे मेली. बहुसंख्य हिंदू, आणि त्यांतले कित्येक खेड्यांतले एकटेदुकटे दुकानदार. न्यायमूर्ती वेस्टन यांनी पुढे चौकशी केली.

अल्लाबक्षांच्या चाहत्यांनीही हे पान चाळून पुढे जाऊ नये. माणूस निधर्मी वृत्तीचा होता, दंग्यात त्याचा हात नव्हता, आंदोलन त्याला पाडण्यासाठीच उभे केले होते, हे सर्व खरे. पण राज्य त्याचे होते. पहिल्याच आठवड्यात तो ठाम राहिला असता तर, किंवा त्याही आधी धीर करून निर्णय दिला असता तर, हा प्रश्न सुटत नाही. पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने तर सक्करचा दंगा ही सिंधमधली मोठी फट ठरली. १९४७ मध्ये जे सिंधी हिंदू बोटींत आणि गाड्यांत बसून निघाले, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनाने सिंध १९३९ मध्येच सोडला होता.

याचा राजकीय परिणाम तर्काला चकवणारा झाला. हिंदू स्वतंत्र सभासदांचे म्हणणे असे पडले की अल्लाबक्षांनी हिंदूंचे रक्षण केले नाही. म्हणून त्यांनी हात मिळविला तो लीगशी, म्हणजे ज्यांनी मंझिलगाहचे आंदोलन चालविले त्यांच्याशी! १८ एप्रिल १९४० रोजी मीर बंदे अली खान तालपूर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात जी. एम. सय्यद होते, आणि त्यांच्या शेजारी वझिराणीही होते.

इथे एखादा सामान्य पुढारी वाऱ्याची दिशा पाहून लीगमध्ये गेला असता. महिन्यापूर्वीच लाहोरला लीगचा पाकिस्तानचा ठराव झाला होता; दार उघडे होते. अल्लाबक्ष दिल्लीला गेले. खुर्ची गेल्यानंतर नऊच दिवसांनी, २७ एप्रिल १९४० ला, दिल्लीत आझाद मुस्लिम परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष अल्लाबक्ष होते. जमियत-उल-उलेमा, बिहार-संयुक्त प्रांतातल्या विणकरांची मोमीन परिषद, पंजाबचे अहरार, सरहद्दीचे खुदाई खिदमतगार, शिया राजकीय परिषद, बलुचिस्तानची अंजुमन-ए-वतन, अशा लीगबाहेरच्या मुसलमान संघटनांचे प्रतिनिधी चार दिवस एकत्र बसले. हिंदुस्थानातले नऊ कोटी मुसलमान बहुतांशी याच भूमीतल्या जुन्या रहिवाशांचे वंशज आहेत, द्रविड आणि आर्य यांच्याइतकीच ही माती त्यांचीही आहे, आणि धर्म बदलल्याने राष्ट्र बदलत नाही, असे त्यांनी अध्यक्षीय भाषणात मांडले. हिंदुस्थान ही सर्व धर्मांच्या नागरिकांची समाईक मायभूमी असून ती अखंड आहे, या आशयाचा ठराव तिथे झाला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शिकारपूरच्या कंत्राटदाराने फाळणीच्या कल्पनेला दिलेले हे उत्तर शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. लाहोरचा ठराव मुलांना तारखेसह पाठ असतो. पाच आठवड्यांनंतरची दिल्ली मात्र नसते.

सिंधमध्ये तेव्हा खुनांचे सत्र चालू होते. जुलै १९४० मध्ये काँग्रेसचे आमदार हासाराम पामनाणी मारले गेले. मौलाना आझादांनी मध्यस्थी केली, तालपूर मंत्रिमंडळ आतूनच पोखरले गेले, आणि ७ मार्च १९४१ रोजी अल्लाबक्ष दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले. युद्ध पेटलेले होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्या वर्षी राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमले, त्यावर त्यांनी अल्लाबक्षांनाही घेतले. लीगच्या मुख्य प्रधानांनी जिनांच्या आज्ञेने त्या मंडळाचे राजीनामे दिले. अल्लाबक्षांना आज्ञा करणारा कोणी नव्हता, ते राहिले. सरकारशी त्यांचे सूत जमले होते असेच कोणीही म्हटले असते. पीर पगारोंच्या हूर अनुयायांनी उठाव केला तेव्हा तो चिरडण्यासाठी १९४२ मध्ये अत्यंत कडक कायदा झाला तो याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत, आणि जूनमध्ये हूरांच्या मुलखात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हाही मुख्य प्रधान तेच होते. खानबहादुर, ओ.बी.ई., संरक्षण मंडळाचे सभासद : साहेबाच्या दृष्टीने ते भरवशाचे गृहस्थ होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा वणवा पेटला. अल्लाबक्ष काँग्रेसचे नव्हते. तारा तोडणे, रूळ उखडणे यांना त्यांचा पाठिंबा नव्हता. पण गांधी-नेहरू-आझाद तुरुंगात आणि देशभर गोळीबार, हे पाहत मुख्य प्रधानाच्या खुर्चीवर बसून राहणे त्यांना जड जाऊ लागले. १० सप्टेंबरला चर्चिलसाहेबांनी पार्लमेंटात भाषण केले. काँग्रेस म्हणजे हिंदुस्थान नव्हे, आणि आज हिंदुस्थानात जितक्या गोऱ्या पलटणी आहेत तितक्या पूर्वी कधीच नव्हत्या, असा त्याचा सूर. हिंदी माणसाने सहकार्य करून काही मिळेल ही आशा ज्यांनी धरली होती त्यांच्या तोंडावर ते भाषण येऊन आदळले. त्याच महिन्यात अल्लाबक्षांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून खानबहादुरकी आणि ओ.बी.ई. दोन्ही परत केल्या आणि संरक्षण मंडळही सोडले. हिंदुस्थानला स्वतंत्र होण्याचा अधिकार आहे, ब्रिटिश धोरण मात्र साम्राज्य टिकविण्याचेच आहे, आणि अशा स्थितीत या पदव्या साम्राज्यशाहीची चिन्हे म्हणूनच उरतात, असा त्या पत्राचा आशय होता.

पदव्या परत करण्याची परंपरा या देशात होती. रवींद्रनाथांनी जालियनवाला बागेनंतर 'सर' परत केले होते. परंतु कवीने पदवी परत करणे वेगळे, आणि युद्ध चालू असता, कराचीसारखे बंदर ज्या प्रांतात आहे त्या प्रांताच्या मुख्य प्रधानाने, पदावर असता, ती परत करणे वेगळे. त्यांनी राजीनामा दिला नाही. ही कृती उद्धटपणाची नव्हती, तिच्यात एक घटनात्मक युक्तिवाद होता : विधानसभेचा आपल्यावर विश्वास आहे, तो आहे तोवर पदवीशी पदाचा संबंध काय? गव्हर्नर सर ह्यू डाउ यांनी याचे उत्तर १० ऑक्टोबर १९४२ ला दिले. अल्लाबक्षांवर आपला विश्वास उरला नाही, असे सांगून त्यांनी त्यांना बडतर्फ केले. १९३५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमात मंत्री हे गव्हर्नरची मर्जी असेतोवर अधिकारावर राहतील, असे शब्द होते. पाच वर्षे ते शब्द औपचारिक आहेत असे सर्वजण समजून चालले होते. बहुमत पाठीशी असलेल्या मुख्य प्रधानाला त्या शब्दांनी घरी पाठविता येते हे सिंधने पाहिले. पाच-सहा महिन्यांनी बंगालमध्ये फजलुल हक यांच्याकडून गव्हर्नरने राजीनामा लिहवून घेतला, तो याच वळणाचा दुसरा धडा.

त्यांच्या जागी कोण आले हे सांगायला नको. सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला. अल्लाबक्षांच्याच मंत्रिमंडळातून उठून ते मुख्य प्रधान झाले आणि लवकरच मुस्लिम लीगमध्ये दाखल झाले. अशा रीतीने ज्या प्रांतात पाच वर्षांपूर्वी लीगचे नाव नव्हते तिथे लीगचे सरकार आले. ३ मार्च १९४३ रोजी सिंध विधानसभेने जी. एम. सय्यद यांच्या सूचनेवरून पाकिस्तानच्या मागणीचा ठराव केला. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत या सभागृहाचा नेता आझाद मुस्लिम परिषदेचा अध्यक्ष होता, हे लक्षात घेतले म्हणजे एका बडतर्फीने काय उलटून टाकले ते कळते.

अल्लाबक्ष शिकारपूरला परतले. राजकारण सोडण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. ४३ वर्षांचा, विधानसभेत माणसे असलेला, देशभर ज्याचे नाव झाले आहे असा माणूस. पुढच्या निवडणुकीत तो लीगपुढे उभा राहणार हे उघड होते. १४ मे १९४३ रोजी शिकारपुरात टांग्यातून जात असता त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. बरोबर पहारा नव्हता. सिंधच्या मे महिन्यातले ते ऊन, परिचयाचा रस्ता, ज्या गावात हिंदू-मुसलमान एकमेकांच्या वह्यांत नावे लिहून जगत आले तेच गाव. त्या रस्त्यावर त्यांचा अंत झाला.

खटला चालला. कटाच्या आरोपावरून लीगचे पुढारी आणि माजी मंत्री महंमद अयूब खुह्रो यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तान झाले तेव्हा सिंधचे मुख्य मंत्री तेच झाले. न्यायालयाचा निर्णय मानायचा असतो, तेव्हा त्यापलीकडे कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. पण एवढे खरे की या खुनाने मुसलमानबहुल सिंधमधला लीगबाहेरचा सर्वांत वजनदार माणूस नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा कोणी शिल्लक नव्हता.

अगदीच कोणी नव्हता असे मात्र नाही. १९४६ च्या आरंभी निवडणुका झाल्या. जी. एम. सय्यद तोवर जिनांशी भांडून लीगबाहेर पडले होते. अल्लाबक्षांचे बंधू मौलाबक्ष राष्ट्रीय मुसलमानांच्या बाजूने निवडून आले. ज्या सय्यदांनी सक्करला मंझिलगाहचे आंदोलन चालविले होते आणि ज्यांनी पाकिस्तानचा ठराव मांडला होता, त्यांच्या नेतृत्वाखाली अल्लाबक्षांचा भाऊ, राष्ट्रीय मुसलमान आणि काँग्रेसचे सभासद अशी आघाडी उभी राहिली, आणि तिचे बळ लीगच्या बरोबरीला आले. सरकार बनविण्याचा दावा घेऊन ही मंडळी गव्हर्नरकडे गेली. गव्हर्नर आता सर फ्रान्सिस मुडी होते. त्यांनी दोन्ही बाजूंचे आकडे पाहिले आणि मंत्रिमंडळ बनविण्यासाठी पुन्हा एकदा सर गुलाम हुसेन हिदायतुल्लांनाच बोलावणे पाठविले.